पुसलेले समास

आष्ट्याच्या रस्त्याला लागलं की माघात एक वास अंगावर येतो. त्यात ओली माती असते, पाचटाचा धूर असतो आणि उकडत्या हळदीची वाफ असते. एसटीच्या खिडक्या ओढून घेतल्या तरी तो आत शिरतो, पदराला बसतो आणि पुढचे दोन दिवस घरभर फिरतो. सांगलीत हयात काढलेल्या माणसाला त्याचं नवल नाही. शाळेत पूर्वपरीक्षा सुरू झाल्या, दुपारी पंखा लावावा की नको असं वाटायला लागलं, की शिवारात हळद शिजायला लागते. माझ्या शेजारणीला या वासानं लग्नघर आठवतं. मला मान खाली घालावीशी वाटते. तेरा वर्षं झाली, दर माघात घालते.

मी भूगोलाची शिक्षिका. मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं फळ्यावर खंड आणि महासागर काढले. आणि मला एक छंद आहे, जो ऐकून लोक आधी हसतात. जुन्या खलाशांनी, कप्तानांनी स्वतःच्या सफरींबद्दल लिहिलेल्या आठवणींची जुनी, सचित्र पुस्तकं मी जमवते. इंग्रजी पुस्तकं, जाड कागदाची, पोलादी पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांची. सातारा-सांगलीत कृष्णा आहे, वारणा आहे, पण समुद्र कुठला? तरी ही पुस्तकं इथंच सापडतात. माझं माहेर साताऱ्याचं, आजोळ वाईचं. पाचगणीचे जुने बंगले रिकामे झाले की तिथली पुस्तकं पोत्यांत भरून वाईच्या रद्दीच्या दुकानात उतरत. अकरा वर्षांची असताना तिथं एक पाठपुठ्ठा नसलेलं पुस्तक मी उघडलं. बर्फात अडकलेलं जहाज, दोर खांद्यावर घेऊन ते ओढणारी माणसं, आणि चित्रावर पांघरलेला पातळ, कुरकुरणारा कागद. तो कागद बाजूला केला की चित्र हळूच वर येई, जणू धुक्यातून. पुठ्ठा नाही म्हणून दुकानदारानं ते मला तसंच देऊन टाकलं. वडील म्हणाले, "काय करणार याचं? वाचता तरी येतंय का?" येत नव्हतं. पण मला ते कुणालाही द्यायचं नव्हतं, एवढं मात्र तेव्हाच कळलं होतं.

पुढं वाचताही यायला लागलं. कपाट भरत गेलं. पहिल्या मालकाची शाईतली सही, पानांत वाळलेलं नेचं, कुणा मुलीला बक्षीस म्हणून दिल्याची चिठ्ठी, हे सगळं मी बोटांनी ओळखते. भिंग घेऊन एकेक चित्र मोजायचं, एकही कमी नाही ना बघायचं, पावसाळ्यात कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवायचा. आणि मी स्वतः? समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर, मुलींची सहल रत्नागिरीला नेली तेव्हा. होडीतून अर्ध्या तासाची फेरी होती. दहाव्या मिनिटाला मला उलट्या सुरू झाल्या. बत्तीस मुली हसत होत्या, आणि आठवीतली एक काटकुळी मुलगी माझं कपाळ दोन्ही हातांनी धरून बसली होती. "बाई, लांब बघा, जवळचं पाणी बघू नका," असं मला सांगत होती.

ती शालन. पुढं बारावी झाली, आष्ट्याच्या अलीकडच्या एका गावात तिचं लग्न झालं. ऊस आणि हळद करणारं घर. नवरा पलटणीत, दीर पलटणीत. दिवाळीला तिचा फोन यायचा. तेरा वर्षांपूर्वी मात्र तो माघात आला.

"बाई, तुम्ही ती बोटीवरची पुस्तकं बघता ना? आमच्या आण्णांकडं एक आहे. येऊन बघाल का?"

आण्णा म्हणजे तिचे सासरे. गावात घराघरातून माणसं फौजेत गेली, हा एकच गडी बोटीवर गेला. मुंबईत कुणाच्या तरी ओळखीनं मालवाहू बोटीवर आगवाला म्हणून लागला. बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा टाकायचा. बारा वर्षं ते काम करून तो गावी परतला आणि हळद लावली. एवढं शालननं मला फोनवरच सांगितलं होतं.

मी पोचले तेव्हा खळ्यावर हळद शिजत होती. मधोमध वाफेचा बॉयलर, त्याला नळीनं जोडलेली पिंपं, पिंपांत माती धुतलेले कंद. आणि बॉयलरच्या तोंडाशी, आगीपासून हातभर अंतरावर, ऐंशी पार केलेला एक माणूस पाचटाच्या पेंढ्या आत सारत बसला होता. उघडं अंग, डोक्याला टॉवेल. इतर माणसं घड्याळ बघून पिंप उतरवायची गोष्ट करत होती. तो मान तिरकी करून ऐकत होता.

"आता काढा रं," तो म्हणाला. "वाफंचा आवाज पातळ झाला."

शालननं एका कंदात काडी खुपसून बघितली. लोण्यात जावी तशी गेली.

मग हात धुऊन आण्णा माझ्यासमोर बसले. डोळे धुरकट, पाणावलेले. एका घडी घातलेल्या फौजी घोंगडीतून त्यांनी पुस्तक काढलं. ज्या आवृत्तीबद्दल मी फक्त याद्यांमध्ये वाचलं होतं, ती ही. एका कप्तानाच्या आठवणी, पानभर चित्रं, प्रत्येक चित्रावर पातळ कागद जागच्या जागी. बोट मोडीत काढायची ठरली तेव्हा वरच्या साहेबानं केबिनमधल्या वस्तू टाकून दिल्या, त्यातून आण्णांनी हे मागून घेतलं होतं. चित्रांसाठी.

प्रत्येक चित्राच्या बाजूच्या कोऱ्या समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. मराठीत. मोठाली, वाकडी, दाबून काढलेली अक्षरं.

"हे तुम्ही लिहिलंय?" मी विचारलं.

ते लाजले. या वयाचा माणूस लाजलेला मी पहिल्यांदा बघत होते. "चौथी शिकलोय बाई. गावी आल्यावर सवड मिळंल तसं चित्र बघायचं, आन आपुन काय बघितलं ते बाजूला लिवायचं. चांगली धा-बारा वर्सं लागली. पर त्या कप्तानानं काय लिवलंय ते अजून कळलं न्हाई. इंग्रजी हाय न्हवं. तुमी ह्ये घिऊन जावा, वाचा, आन मला सांगा. पाडव्याला या. तवर आमची हळद बी वाळंल."

"नक्की येते," मी म्हणाले. आणि ते माझ्या हातात आलं त्या क्षणापासून, आण्णा, तुमचं ऐकणं मी बंद केलं होतं.

घरी येऊन मी भिंग काढलं. बत्तीस चित्रं, बत्तीसच्या बत्तीस शाबूत. पानांच्या कडा जरा धुरानं पिवळ्या, बांधणीचे दोन दोरे तुटलेले, बाकी पुस्तक तसंच. मी उठून घरात एक फेरी मारली, पाणी प्यायले, परत बसले. खुपत होती ती फक्त पेन्सिल. आमच्या संग्राहकांच्या जगात प्रत निर्मळ हवी असते. समास म्हणजे पुस्तकाचा श्वास, असं मीच कितीदा व्याख्यानात सांगितलं आहे. त्या समासांत हे वाकडंतिकडं लिखाण मला डागासारखं दिसलं. शाईचा डाग दिसतो तसं, वाळवीचं भोक दिसतं तसं. 'एडन' असा एक शब्द नजरेखालून गेलेला आठवतो. 'रंगून' असावा एक. एकही टिपण मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं नाही.

हे वाक्य कागदावर यायला तेरा वर्षं लागली.

त्या वर्षी मार्चमध्ये सांगलीत पुस्तकप्रेमींचं एक छोटं प्रदर्शन होणार होतं. मला एक टेबल दिलं होतं. मी पुस्तक टॉवेलात गुंडाळून साताऱ्याला नेलं, बापूंकडं. बापू माझ्या वडिलांच्या ओळखीतले, जुन्या पुस्तकांची बांधणी करणारे. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. तिथं खळीचा आंबूस वास असायचा आणि लोखंडी दाबयंत्रात कायम काहीतरी दाबून ठेवलेलं असायचं. त्यांनी दोरे बघितले, कणा बघितला, मग पान उलटून समासाशी थांबले. चष्मा कपाळावर नेऊन वाचायला लागले. ते वाचत होते, एवढं मला नीट आठवतं.

"बाई, ह्ये कुणी लिवलंय?"

"ते मूळ पुस्तकातलं नाही. कुणीतरी नंतर गिरगटलंय. सगळं पुसून घ्या, आणि मग पानं दाबून सपाट करा."

"सगळं?"

"सगळं."

बापूंनी पुस्तक खाली ठेवलं. "बघा हं. कुणी तरी मनापासून लिवल्यालं दिसतंय. मालकाला चालंल न्हवं?"

"मालक मीच आहे," मी म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की मलाच ते खरं वाटलं. बापूंनी आणखी काही विचारलं नाही. मऊ रबर घेऊन ते हलक्या हातानं एकेक ओळ पुसत गेले. अक्षरं आधी फिकी व्हायची, मग नुसत्या रेघा उरायच्या, मग काहीच नाही. रबराचा करडा चुरा तळहातानं गोळा करून ते जमिनीवर झटकत होते. मी समोर बसून चहा प्यायले. उशीर होतोय, शेवटची एसटी चुकेल की काय, एवढीच काळजी माझ्या डोक्यात होती. मधेच एकदा बापू थबकले, एका टिपणाकडं बघून हसले आणि मान हलवून तेही त्यांनी पुसलं. का हसलात, हे विचारायचंही मला सुचलं नाही. आता बापू नाहीत.

प्रदर्शनात माझ्या टेबलाभोवती गर्दी झाली. काचेखाली ते पुस्तक उघडं ठेवलं होतं, शेजारी माझ्या सुवाच्य अक्षरातली पाटी होती आणि तिच्यावर 'माझ्या संग्रहातून' असं लिहिलं होतं. लोक वाकून बघत होते, हळू आवाजात बोलत होते. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, ही प्रत म्हणजे दागिना आहे." मी नम्रपणे हसले. त्या हसण्याचा एक फोटोही कुठंतरी आहे. मी तो शोधत नाही.

पाडव्याला मी गेले. मला वाटत होतं, पुस्तक दाखवीन, कप्तानाची गोष्ट सांगीन, आणि मग आण्णांना हे आपल्याकडं राहू द्या अशी विनंती करीन. टिपणांबद्दल त्यांनी विचारलं तर? 'पुस्तक जपायचं तर स्वच्छ करावं लागतं,' असं एक शिक्षकी वाक्य मी वाटेत तयार ठेवलं होतं.

दारात गुढी होती. आत पुरणाचा वास होता. आण्णा ओसरीवर बसले होते, आणि मी आले तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या आवाजाकडं बघितलं. शालननं हळूच सांगितलं, काचबिंदू होता. सहा आठवड्यांत उरलीसुरली नजर गेली. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

"या बाई," ते म्हणाले. "वाट बघत हुतो. वाचा."

शालन स्वयंपाकघरात गेली. मी कप्तानाची गोष्ट सांगायला बसले. भूगोलाची बाई मी, सांगता मला येतं. नकाशा हवेत काढत मी ते जहाज बंदरामागून बंदर फिरवलं. ते लहान मुलासारखे ऐकत होते. मधे म्हणायचे, "व्हय, व्हय, तितलं पाणी तसंच," किंवा "ह्ये खोटं सांगतोय गडी." तासभर कसा गेला कळलं नाही. मला वाटलं, संपलं, सुटले.

"आता माझं वाचा," ते म्हणाले.

मी नुसतंच एक पान उलटलं.

"आवं, बाजूला लिवलंय न्हवं? मला आता दिसत न्हाई. सूनबाईला कामातनं सवड न्हाई. तुमी दोन-चार वाचा. ऐकावंसं वाटतंय."

पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. समास दुधासारखे पांढरे. त्या वेळी खरं बोलायला एक क्षण होता, आणि तो बराच लांब होता. मी त्या क्षणात काय केलं? मी वाचलं. कोऱ्या समासाकडं बघून वाचलं. "आज समुद्र फार सुंदर दिसत होता. सूर्य मावळताना आकाश सोनेरी झालं होतं. पक्षी घरट्याकडं परतत होते." आठवीच्या मुली निबंधात लिहितात तसं. बोटीच्या पोटात भट्टीपुढं उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडी मी मावळता सूर्य घातला. भर समुद्रात पक्ष्यांना घरटी दिली.

"असं लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी?"

त्यांनी हात पुढं केला. मी पुस्तक दिलं. अंगठा त्यांनी पानाच्या कडेवर ठेवला आणि वरून खाली सावकाश ओढला. पुन्हा एकदा. मग दुसरं पान. पेन्सिल दाबून लिहायची त्यांची सवय; अक्षरांचे चर कागदात उतरलेले असणार. बापूंच्या दाबयंत्रानं तेही सपाट केले होते. त्यांचा अंगठा गुळगुळीत कागदावरून नुसता घसरत होता.

"बरं लिवलंय की," ते शेवटी म्हणाले.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आण्णा, तुम्ही सांगा ना. पुन्हा सांगा. मी लिहून घेते सगळं, आत्ता."

ते हसले. त्यात राग नव्हता. राग असता तर मी तो घेऊन घरी आले असते आणि कधीतरी विसरलेही असते. "आता कुटलं आठवतंय, बाई. इसरू नये म्हणून तर लिवलं हुतं."

शालन ताटं घेऊन आली. मी पुरणपोळी खाल्ली. वर तूप घेतलं. निघताना मी पुस्तक त्यांच्याजवळ ठेवायला लागले, तर त्यांनी ते चाचपून माझ्याकडं सरकवलं.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आता त्यात आमचं काय ऱ्हायलं न्हाई."

आणि मी ते घेतलं. हे मी स्वतःलाही पुष्कळ दिवस सांगितलं नव्हतं. नको म्हणून तिथंच ठेवून येता आलं असतं. मला हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि मी ते पिशवीत घालून घरी आणलं.

पुढच्या वर्षी श्रावणात आण्णा गेले. मी भेटायला गेले, शालनच्या शेजारी बसले, डोळे पुसले, आणि काही बोलले नाही. पुस्तक कपाटाच्या मागच्या ओळीत गेलं. कुणाला दाखवलं नाही. पण टाकलंही नाही, परतही नेलं नाही. कधी दुपारी काढून खिडकीपाशी तिरपं धरायची. उन्हात एखादा चर दिसतो का, एखादी वेलांटी, एखादा काना. एका पानावर 'तवा' असा शब्द लागला. बाकी काही नाही. त्या एका शब्दाशी मी किती दुपारी बसले असेन. तवा काय झालं, आण्णा?

गेल्या पंधरवड्यात पुण्याहून एक तरुण मुलगी आली होती. तीही असली पुस्तकं जमवते, हुशार आहे, हात स्वच्छ धुऊन पुस्तकाला हात लावणारी. मी चहा करायला आत गेले असताना तिनं मागची ओळ काढून बघितली. बाहेर आले तर ते पुस्तक तिच्या मांडीवर. "बाई, इतके स्वच्छ समास मी कधीच पाहिले नाहीत! कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही याला."

कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही. मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी शालनकडं गेले.

खळ्यावर हळद शिजत होती. बॉयलर नवा होता. शालनचे केस कानांपाशी पांढरे झालेत. मुलगा यंदाच पलटणीत लागलाय. ती पिंपाशी उभी राहून माणसांना सूचना देत होती. मी तिथंच, वाफेच्या आवाजात, उभ्यानं सांगितलं. सगळं. बापूंना काय म्हटलं ते, पाडव्याला काय वाचलं ते. आवाज चढवून सांगावं लागलं. लपवलेली गोष्ट ओरडून सांगताना कसं वाटतं ते मी लिहू शकत नाही. दोन बायका कंद धुता धुता ऐकत होत्या. ऐकू देत, असं वाटलं.

शालननं पिंप उतरवायला लावलं, कंद पसरायला लावले, मग माझ्याकडं वळली.

"मला माहीत आहे, बाई. तुम्ही गेलात त्याच दिवशी आण्णांनी सांगितलं."

ती खळ्याच्या कडेला बसली, मीही तिच्यासमोर बसले.

"मी तेव्हाच फोन करणार होते. ते म्हणाले, करू नगंस. बाईनं तुला शिकवलंय. तिला लाज वाटंल. म्हणून मी गप्प बसले. पण राग गेला नाही हं माझा. तुम्ही दरवर्षी दिवाळीला बोलायचात, मी बोलायची, आणि फोन ठेवला की मला राग यायचा."

"यायलाच हवा," मी म्हणाले.

"एक विचारू? पुसायच्या आधी तुम्ही ते वाचलं होतं?"

"नाही."

"एकपण नाही?"

"नाही, शालन."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिला पाच वर्षं शिकवलं, पण इतकं सरळ तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. पुसलं याच्यापेक्षा वाचलं नाही हे तिला जास्त लागलं असावं. मलाही.

"मी वाचलंय," ती म्हणाली. "नवी नवरी होते तेव्हा. दुपारी आण्णा म्हणायचे, सूनबाई, वाच जरा. मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. सगळी नाहीत, पण चार-पाच अजून तोंडपाठ आहेत मला."

मी घाईघाईनं पिशवीतून पुस्तक काढलं, पेन्सिल काढली. "सांग. मी लिहिते."

"तुम्ही नको," शालन म्हणाली. "आणा इकडं. मी लिहिते."

तिनं हात धुतले. हळदीचे हात धुऊन जात नाहीत. पुस्तक मांडीवर घेऊन तिनं पानं उलटली, आणि एका वादळाच्या चित्रापाशी थांबली: पर्वतासारखी लाट, तिच्या उतारावर कलंडलेलं जहाज, वर डोलकाठीला बिलगलेली माणसं. समासावर तिच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला. खरं सांगायचं तर माझ्यातली संग्राहक त्या वेळीसुद्धा दचकली. माझा हात पुस्तकाकडं अर्धा गेला. शालननं तो बघितला. मी तो मागं घेऊन पदराखाली ठेवला.

ती बराच वेळ लिहीत होती. मधे थांबून ओठ हलवून म्हणून बघायची, आण्णांच्या बोलीत, एकही शब्द सुधारायचा नाही अशी. मग पुस्तक माझ्यासमोर धरलं.

"वाचा."

मी मनात वाचायला लागले.

"मोठ्यानं, बाई."

मी मोठ्यानं वाचलं:

"आसली लाट आली त्या दिशी मी खाली आगीपाशी हुतो. लाट मला दिसली न्हाई. पाय सरकलं, कोळसा समदा डाव्या अंगाला गेला. माझ्या जोडीदाराचा हात भट्टीला लागून भाजला. तो वरडत हुता पर आवाज आला न्हाई. वर गेलो तवा पाणी गप झालं हुतं. खालच्या मानसाला दर्या दिसत न्हाई. लाट कशी हुती ती ह्या चित्रात बघितली."

वाफेचा आवाज मोठा होता. शेवटच्या ओळी शालनला ऐकू आल्या नसाव्यात. ती उठली, बॉयलरपाशी जाऊन कॉक बंद केला. खळं एकदम शांत झालं. कंद धुणाऱ्या बायकांनीही हात थांबवले. ती परत येऊन माझ्यासमोर बसली.

"पुन्हा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.